कॉकटेल झालं

२४ मार्च २०२२ रोजी उषा हेमराज बोरसे यांनी एक हजार बहात्तर रुपये खर्च करून दारू पिण्याचा आजीवन परवाना काढला. हजार रुपये फी, साठ फोटोंचे, बारा झेरॉक्सचे. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं, पण तो काढलेला माणूस पाहिलेला नसतो. मी एकच पाहिला आहे, आणि ती बाई आहे.

खिडकीवरच्या माणसाने अर्ज उलटापालटा करून पाहिला.

"मिस्टरांच्या नावाने काढायचाय ना, ताई?"

"मिस्टर वारले."

"मग कुणासाठी?"

"वर नाव लिहिलंय. वाचता येतं ना?"

मी धुळ्यात, देवपुरातल्या एका कॉलेजात मुख्य लिपिक आहे. उषाताई त्याच कॉलेजात रसायनशास्त्राच्या लॅब असिस्टंट होत्या. त्यांचं घर आमच्या गल्लीत, आमच्यापासून तिसरं. सव्वीस वर्षांची ओळख. मागच्या वर्षी त्यांच्याबद्दल जे बोललं गेलं ते सगळं मी ऐकलं, आणि बराच काळ नुसतं ऐकून घेतलं. त्याचा राग अजून गेलेला नाही. तो कोणावर किती आहे याचा हिशेब मात्र लागत नाही.

उषाताईंचे यजमान हेमराज सैन्यात होते, पण बंदूक फारशी हातात धरली नाही. अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये बार सांभाळायचे. जबलपूरला असताना मोठ्या साहेबांच्या मेजवान्यांना ते आणि एक गढवाली मिळून दोन-दोनशे ग्लास भरत. कुठल्या दारूत काय पिळायचं, काय नुसतं वरून चोळायचं, बर्फ केव्हा घालायचा आणि केव्हा काढून टाकायचा, हे सगळं ते तिथे शिकले. एकदा क्वार्टरवर त्यांनी बायकोपुढे ग्लास ठेवला. ती मागे सरकली. ते म्हणाले, "साहेबस्न्या बायका पितस, तू काब्र नही?" तू का नाही, या प्रश्नाला उषाताईंना उत्तर सापडलं नाही, म्हणून त्यांनी तो प्याला. ही गोष्ट त्या स्वतः सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "अजून सापडलं नाही."

निवृत्त होऊन हेमराज धुळ्याला आले. गच्चीवर दर शनिवारी संध्याकाळी नवरा-बायको दोघंच बसत. उन्हाळ्यात उकडलेल्या कैरीचा गर, काळं मीठ आणि पांढरी रम. पावसाळ्यात जांभूळ. थंडीत जिन, लिंबू, गुळाचं पाणी आणि हिरवी मिरची. ही मिरची चुलीवर काळी होईस्तोवर भाजायची, चिरायची नाही, नुसती ग्लासाच्या आतून फिरवून काढून टाकायची. तिखटाचा वास राहतो, तिखट राहत नाही. २०१७ साली हेमराज हृदयविकाराने गेले. वर्षभर गच्ची बंद होती. मग एका शनिवारी दिवा लागलेला दिसला. मी आणि माझी पत्नी मेघा काळजीने वर गेलो, तर उषाताई एकट्याच खुर्चीवर, समोर एक ग्लास आणि दुसरी खुर्ची रिकामी.

"या भाऊ," त्या म्हणाल्या. "एकटीला पुरतं तेवढं करता येत नाही. उरतंच."

तिथून ती बैठक सुरू झाली. मी, आमचे कॅशियर प्रेमराज देवरे, रसायनशास्त्राचा तरुण प्राध्यापक स्वप्नील. मेघा यायची, पण तिचा ग्लास बिनदारूचा. उषाताईंनी पंचवीस मिलीचं मोजपात्र दुकानातून विकत आणलं होतं, पक्क्या बिलाने. प्रत्येकाला दोन ग्लास. तिसरा मागितला की त्या म्हणायच्या, "प्रयोग संपला. उपकरणं धुवायला टाका." लोकांच्या तोंडचा जो अड्डा असतो तो हा नव्हता. तिथे कोणी ओरडलं नाही, कोणी रडलं नाही, कोणाला धरून खाली उतरवावं लागलं नाही. प्रेमराज तर घरून चिवड्याची वाटी घेऊन सगळ्यांच्या आधी हजर असायचा.

जानेवारी २०२४ मध्ये प्रेमराजने भरीत पार्टी ठरवली. त्याच्या भावाचं शेत जळगावहून जामनेरला जाताना लागतं. थंडीत तिकडे शेतात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजायची, लाकडी बडजीत कुटायची आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांबरोबर खायची, हा रिवाज आहे. कॉलेजातले आम्ही सातजण क्रूझर गाडी करून जाणार होतो.

शनिवारी गच्चीवर प्रेमराज म्हणाला, "ताई, तुमचं ते मिरचीवालं दोन बाटल्या करून द्या ना. विस्तव तर तिथे आहेच, भरीत अन् ते, जोडी जमेल."

"देते. मीही येते मग. क्रूझरमध्ये जागा आहे ना?"

प्रेमराज हसला. "तिथे बठ्ठा माणसं, ताई, सगळे पुरुषच. गावाकडचे लोक. तुम्हाला बरं वाटायचं नाही."

"मला का तुम्हाला?"

प्रेमराजने चिवड्याची वाटी पुढे केली. मी मूठभर उचलला. उषाताईंनी बाटल्या मात्र दिल्या. रविवारी सकाळी सात वाजता दोन बाटल्या कागदात गुंडाळून माझ्या हातात ठेवल्या. प्रत्येकीवर लॅबमधल्यासारखं लेबल, सुवाच्य अक्षरात: "कॉकटेल. जिन ३०० मिली, लिंबू, गूळ, भाजलेली मिरची. दि. ७-१-२०२४. दोन बाटल्या सातजणांना, प्रत्येकी दोन ग्लास. यावर दुसरं काही घेऊ नये."

इथे एक सांगायला हवं. आमच्या भागात कॉकटेल या शब्दाचा अर्थ पुस्तकातला नाही. एका जातीच्या दारूवर दुसऱ्या जातीची दारू घेतली, आधी बिअर आणि मग व्हिस्की, आणि त्याने माणूस आडवा झाला, तर म्हणतात, "त्याचं कॉकटेल झालं." म्हणजे जे ग्लासात व्हायचं ते पोटात झालं. उषाताईंनी शब्द हेमराजकडून घेतला होता, मेसमधला. लेबलवर तो लिहिताना त्यांच्या मनात दुसरा अर्थ आलाच नाही.

दुपारी दोनपर्यंत आमच्या दोन्ही बाटल्या संपल्या. दोन-दोन ग्लास, लेबलप्रमाणे. मग प्रेमराजच्या भावाचे मित्र बिअरची पेटी घेऊन आले. त्यानंतर कोणीतरी डोंगराकडून आणलेली मोहाची दारू काढली, प्लास्टिकच्या कॅनमधली. आम्ही सहाजणांनी हात लावला नाही. ते शहाणपण नव्हतं, संध्याकाळी घरी बायकोसमोर उभं राहायचं होतं. प्रेमराजने बिअर घेतली, मोहाची घेतली, आणि कॅन डोक्यावर ठेवून नाचला. साडेचारला तो बांधावरून खाली गेला. उलट्या थांबेनात, डोळे वर गेले. आम्ही त्याला जळगावच्या एका दवाखान्यात नेलं. रात्री त्याची बायको कोकिळा धुळ्याहून पोहोचली.

डॉक्टरांनी प्रेमराजला विचारलं, काय घेतलं होतं. सलाईनखाली पडलेला प्रेमराज म्हणाला, "कॉकटेल झालं."

तो खरं बोलला. आयुष्यात एकदाच खरं बोलला आणि त्याने एका बाईची वाट लावली.

कारण कोकिळाच्या पिशवीत नवऱ्याच्या कपड्यांबरोबर ती रिकामी बाटली आली होती. तिने लेबल वाचलं. कॉकटेल. अक्षर कोणाचं ते तिला ठाऊक होतं. कॉलेजच्या हळदीकुंकवाच्या याद्या उषाताईच लिहायच्या.

आठवड्याच्या आत संस्थेकडे अर्ज आला, कोकिळाच्या भावाचा. त्यात लिहिलं होतं की आपल्या रसायनशास्त्र विभागातील महिला कर्मचारी प्रयोगशाळेतील स्पिरिट मिसळून दारू बनवते, घरी पुरुष जमवून विकते, आणि त्या दारूने माझे मेहुणे मरता मरता वाचले. स्पिरिट हा शब्द अर्जात कुठून आला? कोकिळाने "मिक्स दारू" म्हटलं, भावाने विचारलं बाई काम कुठे करते, आणि झालं. एका हवालदारानेही घरी चक्कर मारली. "मिक्स म्हणजे काय काय मिक्स करता, बाई?" उषाताईंनी त्याला लिंबू दाखवलं, गूळ दाखवला, परवाना दाखवला. परवाना बघून तो जास्तच संशयाने बघायला लागला. इतका खरा कागद त्याने कधी पाहिला नसावा.

१९ जानेवारीला कारणे दाखवा नोटीस निघाली. ती मी टाईप केली. "मद्यार्क" हा शब्द दोनदा चुकला. उषाताई ३१ मे रोजी निवृत्त होणार होत्या. चौकशी चालू असली की पेन्शनची फाईल जागेवरून हलत नाही, हे कॉलेजात सगळ्यात चांगलं मला माहीत आहे. चौतीस वर्षांची नोकरी, आणि वर चोर हे नाव.

हे थांबवणं अवघड नव्हतं. आम्ही सहाजणांनी एका कागदावर सही करायची होती: आम्हीही तेच प्यायलो, आम्हाला काही झालं नाही, प्रेमराजने वर बिअर आणि मोहाची घेतली. चार ओळी. मी स्टाफरूममध्ये स्वप्नीलला गाठलं.

"सर, कागद दिला की पहिला प्रश्न काय येईल?" तो हळू आवाजात म्हणाला. "तुमचा परवाना दाखवा. आहे का तुमच्याकडे?"

"नाही."

"माझ्याकडेही नाही. आणि माझं कन्फर्मेशन जूनमध्ये आहे. ताईंचं काय, त्यांच्याकडे कागद आहे. त्या सुटतील."

म्हणजे जिच्याकडे कागद होता तिने एकटीने उभं राहायचं, कारण तिच्याकडे कागद होता. बाकीच्या चौघांनी हेच वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. एकजण तर म्हणाला, मी त्या दिवशी आलोच नव्हतो. क्रूझरमध्ये तो माझ्या मांडीवर बसून आला होता. मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातलं बरंचसं मलाही लागू होतं, कारण कागद मीही दिला नाही.

फेब्रुवारीत उषाताई मला म्हणाल्या, "प्रेमराजभाऊंकडे जायचंय. तुम्ही नुसते चला. बोलू नका, तुम्हाला जमत नाही ते."

कोकिळाने दार अर्धंच उघडलं. आत टीव्ही चालू होता. प्रेमराजचे पाय दिसत होते, सोफ्यावर लांब केलेले.

"काय काम आहे?"

"भाऊंशी बोलायचंय."

"त्यांना बोलायला मनाई आहे डॉक्टरांची."

"ऑफिसात तर काल दीड तास क्रिकेटवर बोलले."

कोकिळाचा आवाज चढला. शेजारचं दार किलकिलं झालं. "तुम्हाला लाज नाही वाटत? बिनानवऱ्याची बाई, गच्चीवर माणसं जमवते, त्यांना पाजते."

"जमवते," उषाताई म्हणाल्या. "तुमचे मिस्टर सगळ्यांत आधी यायचे. चिवडा तुमच्या हातचा असायचा, छान असायचा. मला वाटायचं तुम्हीच पाठवता."

चिवडा कुठे जायचा हे कोकिळाला त्या क्षणी कळलं. तेवढ्या क्षणापुरतं मला तिचं वाईट वाटलं.

उषाताईंनी दाराच्या फटीतून आत आवाज दिला. "प्रेमराजभाऊ, एकच सांगा. डॉक्टरला कॉकटेल म्हणालात, ते माझ्या बाटलीचं नाव होतं का तुमच्या पोटाचं?"

सोफ्यावरचे पाय वर गेले. टीव्हीचा आवाज वाढला. कोकिळाने दार लावलं. जिना उतरताना उषाताई पहिल्यांदा माझ्यासमोर त्यांच्या घरच्या बोलीत बोलल्या, माझ्याशी नव्हे, कठड्याशी: "पिनात बठ्ठा, नाव खराब मन्हं!" प्यायले सगळे, नाव खराब माझं.

१२ मार्चला चौकशी समिती बसली. तीन सदस्य, आणि इतिवृत्त लिहायला मी. उषाताईंनी स्पिरिटचं स्टॉक रजिस्टर पुढे ठेवलं. डिसेंबरअखेर शिल्लक तीन लिटर चारशे वीस मिली, त्यानंतर वापर नाही. अध्यक्षांनी कॅन मागवला, बूच काढलं, वास घेतला, बाकीच्या दोघांना वास दिला आणि मग मोजायला सांगितलं. भरलं तीन लिटर चारशे पंधरा.

"पाच मिली कुठे गेलं?" अध्यक्ष पुढे झुकले.

"उडालं."

"उडालं म्हणजे?"

"स्पिरिट आहे साहेब. आत्ता तुम्ही तिघांनी मिळून पाच मिनिटं बूच काढून ठेवलं होतं."

मोजपात्राचं बिल पाहिलं. परवाना पाहिला. तो अध्यक्षांनी जरा लांब धरून पाहिला. मग विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण येत होतं? नावं सांगा. त्यांच्याकडून खात्री करून घेऊ."

उषाताईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नावं सांगणार नाही."

"का?"

"त्यांच्याकडे परवाने नाहीत. माझ्या घरात बसून माझ्या हातचं घेतलं त्यांनी. मी त्यांना अडकवणार नाही."

अध्यक्ष खुर्चीत मागे टेकले आणि मला मजकूर सांगू लागले. "लिहा. संबंधित कर्मचारी महिलेने नावे सांगण्यास नकार दिला, सबब अर्जातील आरोपांत तथ्य असल्याचे..."

मी "सबब" पर्यंत लिहिलं. पुढचं लिहवेना. पेन खाली ठेवलं आणि म्हणालो, "साहेब, मी होतो."

"तुम्ही लिहा, बोलू नका."

"ती बाटली मीच शेतावर नेली. सातजण प्यायलो, प्रत्येकी दोन ग्लास. सहाजण सोमवारी दहा वाजता कामावर हजर आहेत, मस्टर काढून देतो. सातव्याने वरून बिअर आणि मोहाची घेतली."

"तुमच्याकडे परवाना आहे?"

"नाही."

"मग हे लिहून घेऊ?"

"लिहिणारा मीच आहे, साहेब," मी म्हणालो आणि लिहिलं. माझं नाव, पद, आणि परवाना नाही.

मग प्रेमराजला बोलावणं गेलं. तो शेजारच्याच खोलीत बसतो. आला, हात बांधून उभा राहिला. अध्यक्षांनी विचारलं, डॉक्टरांना नेमकं काय सांगितलंत?

"कॉकटेल झालं म्हणालो."

"म्हणजे या बाईंनी दिलेलं?"

"नाही नाही. आपण म्हणतो ना, साहेब, कॉकटेल झालं. एकावर एक."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिघेही इथलेच. तो अर्थ त्यांना लहानपणापासून ठाऊक होता. लेबल समोर होतं, दवाखान्याचा कागद समोर होता, आणि दोन महिने कोणाच्या डोक्यात आलं नाही की एकच शब्द दोन माणसांनी दोन अर्थांनी वापरला आहे.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"कोणी विचारलं नाही," प्रेमराज म्हणाला.

उषाताई उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं आता त्याला काहीतरी बोलतील. त्यांनी कॅनचं बूच घट्ट लावलं, रजिस्टर काखेत घेतलं आणि स्पिरिट कपाटात ठेवायला लॅबकडे निघून गेल्या.

एप्रिलमध्ये एका ओळीचं पत्र निघालं: सदर प्रकरण नस्तीबंद करण्यात येत आहे. दिलगिरीचा शब्द नाही. मी मसुद्यात घातला होता, तो वरून खोडून आला. मी पुन्हा घातला, पुन्हा खोडून आला. परवान्यावरून कोणालाही काही झालं नाही. मला नाही, स्वप्नीलला नाही, त्या मांडीवर बसून आलेल्यालाही नाही. ज्या भीतीने सहा पुरुष दोन महिने तोंड मिटून बसले, ती गोष्ट एकदा इतिवृत्तात लिहिली गेली आणि पुढे कोणी काढलीसुद्धा नाही.

३१ मेला निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, आणि स्वप्नीलचं भाषण: ताई आम्हाला मोठ्या बहिणीसारख्या. उषाताईंनी शाल घेतली आणि म्हणाल्या, "काचसामान मोजून दिलं आहे. एक फनेल तडकलेली आहे, तशी नोंद आहे." एवढंच बोलून खाली बसल्या. पेन्शन सप्टेंबरपासून सुरू झाली.

आता शनिवारी गच्चीवर दिवा लागतो. मेघा जाते, गल्लीतल्या लताबाई जातात. मेघा सांगते की उषाताईंनी यंदा चिंचेचं काहीतरी नवीन बसवलं आहे, आणि आता तिचाही ग्लास बिनदारूचा नसतो. मला बोलावणं नाही. मी एकदा विचारलं होतं, रस्त्यातच. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही बोललात, ते मी विसरणार नाही. पण जानेवारीत बोलायचं ते मार्चमध्ये बोललात." मी मान हलवली. त्यांनी मला नोटीस टाईप करताना पाहिलं होतं. मी डोकं वर केलं नव्हतं.

येत्या फेब्रुवारीत मीही निवृत्त होतो आहे, म्हणून टेबल आवरायला घेतलं. चौकशीच्या कागदांच्या प्रती मिळाव्यात म्हणून उषाताईंनी अर्ज केला होता. तेवीस पानं, पानाला दोन रुपये. आरोप सिद्ध न झाल्याने ती रक्कम परत करावी, असा शेरा फाईलवर आहे. ती कोणत्या खर्चशीर्षाखाली टाकायची हे ठरलेलं नाही. कॉलेजकडून उषा हेमराज बोरसे यांचे सेहेचाळीस रुपये देणे बाकी आहे.